हिरवा कोपरा

४ फेब्रुवारी

चिंगे,

फोन करू नकोस. इथे मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि घरी पोचेपर्यंत मी बोलण्याच्या लायकीची उरत नाही. म्हणून लिहिते आहे, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी. चुका काढत बसू नकोस.

तू त्या सुट्या भागांच्या गोदामात दिवसभर टेबलं करतेस ना, तर नणंदेचा काही उपयोग होऊ दे. आमच्या धुलाई विभागाला नवीन साहेब आलेत. अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी आम्ही धुतो, पण त्यांना चादरींशी काही देणंघेणं नाही. त्यांना 'पारदर्शकता' हवी आहे. झालं असं, की आमच्या रोलरवाल्या बाईंनी त्यांच्याकडे तक्रार केली. रोलर म्हणजे चादरींना इस्त्री करायचं मोठं मशीन, त्यावर त्या असतात. तक्रार काय, तर मी दुसरी पाळी मनाला येईल त्याला लावते. दुसरी पाळी म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहा. ती कोणालाच नको असते. इतकी वर्षं मी पाळ्या डोक्यात ठेवून लावल्या, कोणी हूं की चूं केलं नाही. आता साहेब म्हणतात, टेबल करा, दुसरी पाळी कोणाला ते फॉर्म्युल्यानं ठरू द्या, मार्चअखेर नीट चाललं तर ठीक, नाहीतर पाळ्या लावायचं काम कॉम्प्युटरवाल्या पोराकडे देऊ आणि तुम्ही इतरांसारख्या पाळीत या.

फाईल त्यांनीच दिली. शेवटचा कॉलम 'दुसरी पाळी', त्यात 'हो' किंवा 'नाही' आपोआप यायला हवं. मी एकाला विचारून लिहिलं, की चार तासांपेक्षा जास्त उभं राहता येत असेल तर 'हो', नाहीतर 'नाही'. एका ओळीत लिहिलं तर अख्खा कॉलम बदलला. आणि सगळ्यांना 'हो' आलं. कंबरदुखीवाल्या बाईंना 'हो'. दोन तासांवर उभं राहता येत नाही त्या पोरालाही 'हो'. डागवाले काका गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्यांनाही 'हो'. साहेबांनी बघितलं आणि फक्त "हं" म्हणाले. त्या "हं"नं माझं डोकं फिरलंय.

फाईल जोडली आहे. लवकर सांग.

वहिनी

ता.क. आई बऱ्या आहेत.

&nbsp;

५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझी फाईल उघडली आणि कपाळाला हात लावला. 'उभं राहता येतं' या कॉलममध्ये तू काय लिहिलं आहेस? "२ तास". "सहा तास, पण मध्ये बसून". एका ठिकाणी "मूडवर". मशीनला आकडा हवा असतो. शेजारी अक्षरं चिकटली की त्याच्या लेखी तो आकडा राहत नाही, आणि अक्षरं ही कुठल्याही आकड्यापेक्षा मोठीच, असं त्याचं ठाम मत आहे. म्हणून "२ तास" हे ४ पेक्षा मोठे ठरले, आणि "मूडवर"सुद्धा. नुसता २ लिही. तास म्हणजे तास हे वरच्या मथळ्यात लिहून ठेव.

अख्खा कॉलम बदलला म्हणून घाबरू नकोस. या टेबलाचं तेच काम. फॉर्म्युला एकदा लिहायचा, तो सगळ्या ओळींना लागू. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं त्यात नसतं. तुझ्या साहेबांना हेच हवं असणार.

डागवाल्या काकांची ओळ काढून टाक. ती तू आजवर ठेवलीस कशाला?

आता मला नियम सांग. तू डोक्यात पाळ्या लावायचीस तेव्हा नेमकं काय बघायचीस? एकेक अट सांग. 'जर', 'तर', 'नाहीतर', या तीन शब्दांत बसेल असं. गोष्टी सांगू नकोस. मला इथे महिनाअखेरचा साठा जुळवायचा आहे आणि माझ्या मागे आधीच दोन माणसं उभी आहेत.

आईशी आज सकाळी बोलले. मस्त गप्पा मारत होती. तुझ्या भाजीत मीठ कमी असतं म्हणाली.

चिंगी

&nbsp;

७ फेब्रुवारी

चिंगे,

नियम सोपे आहेत.

ज्याला चार तास उभं राहवत नाही त्याला दुसरी पाळी नाही. घरात लहान मूल आहे त्याला नाही. रात्री दहानंतर ज्याच्या भागात बस जात नाही त्याला नाही. बाकी सगळ्यांना हो.

फक्त पिळणीच्या मशीनवरचे दोघे भाऊ एका पाळीत नकोत, ते दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत आणि तिसऱ्या माणसाकरवी निरोप देतात, त्यात मशीन थांबतं. आणि लंबूला पगाराच्या आठवड्यात नको, कारण तो येतच नाही. शिवणवाल्या बाईंचं मूल आता बारा वर्षांचं झालं, पण त्यांना अजून ते लहानच वाटतं, तर लहान धरायचं. ट्रॉलीवाल्याची बस जाते, पण तो म्हणतो जात नाही. कोण तपासायला जाणार.

काकांची ओळ काढवत नाही. राहू दे, पुसट करून ठेवते.

आणि भाजीत मीठ कमी असतं कारण डॉक्टरांनी कमी सांगितलं आहे. हे आईंना रोज सकाळी सांगते मी. तुझ्याशी बोलताना त्या विसरत असतील.

वहिनी

&nbsp;

८ फेब्रुवारी

वहिनी,

याला सोपं म्हणतात? मी तीन तास या प्रकरणात घातलेत आणि माझ्या नाकी नऊ आलेत.

नीट ऐक. टेबलाची एक ओळ म्हणजे एक माणूस. फॉर्म्युला त्या ओळीपुरतं बघतो. माझा भाऊ माझ्याशी बोलतो की नाही, हे तो बघत नाही. ते दोघे भाऊ तू हातानं वेगळे कर, किंवा त्यांना एकदा समोरासमोर बसव. लंबूचं मी काही करणार नाही. तो पगार झाल्यावर येत नाही हा त्याचा प्रश्न आहे, तो नियम होऊ शकत नाही.

उरलेल्या तीन अटी मी एकात एक बसवल्या आहेत. जर उभं राहणं चारपेक्षा कमी, तर 'नाही'. नाहीतर, जर लहान मूल 'हो', तर 'नाही'. नाहीतर, जर बस 'नाही', तर 'नाही'. नाहीतर 'हो'. पहिली अट खरी निघाली की ते पुढचं वाचतच नाही, म्हणून क्रम बदलू नकोस आणि मधला कंस खाऊ नकोस. तुझ्या फाईलमध्ये एक कंस कमी होता, तो शोधण्यात माझी चहाची सुट्टी गेली.

लहान म्हणजे दहा वर्षांच्या आत. हे मी ठरवलं. शिवणवाल्या बाईंना सांग, नणंदेनं ठरवलं, तिच्यावर राग काढा.

अकरा माणसांत सहा 'हो' आलेत. बघ आणि सांग.

चिंगी

&nbsp;

१९ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

टेबल छान झालंय. साहेब या वेळी "हं" म्हणाले नाहीत, "बरं" म्हणाले. शिवणवाल्या बाई बोलत नाहीयेत, पण त्यांनी नियम वाचला आणि बोट ठेवायला जागा सापडली नाही. मला मनातून बरं वाटलं. इतकी वर्षं प्रत्येकाची समजूत मीच घालत आले, आता कॉलमकडे बोट दाखवते.

एकच छोटीशी गोष्ट. एका ओळीत शेवटच्या कॉलममध्ये कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय. बारीकच आहे, पण डोळ्यात येतो. तो पुसायचा कसा तेवढं सांग. फाईल जोडते आहे.

वहिनी

&nbsp;

२० फेब्रुवारी

वहिनी,

फाईल पाहिली. तो त्रिकोण घाण नाही पुसायला. अख्ख्या कॉलममध्ये एक फॉर्म्युला असताना एखाद्या ओळीत कोणी तो खोडून हातानं उत्तर टाईप केलं, की मशीन तिथे हिरवा कोपरा लावतं. म्हणजे ही ओळ इतरांसारखी नाही, इथे कोणीतरी हात मारलाय.

आणि ती ओळ कोणाची आहे ते तुला माहीत आहे, मलाही आता माहीत आहे.

फॉर्म्युल्यानं तुला 'हो' दिलं होतं. तू सहा तास उभी राहू शकतेस, पोरगी हॉस्टेलला आहे, बस घराच्या कोपऱ्यावर थांबते. तू तिथे 'नाही' टाईप केलंस. दहा जणांना नियम आणि सुपरवायझरबाईंना सूट. मी तीन तास त्या कंसांशी झटले ते यासाठी? तू मला रोलरवाल्या बाई कांगावा करतात असं भासवलंस. मला आता वाटतं त्या खरं बोलत होत्या.

तो कोपरा लपवायची युक्ती आहे. एका क्लिकचं काम आहे. मी ती सांगणार नाही. फॉर्म्युला परत खाली ओढ आणि जे येईल ते मान्य कर. मी जुनी फाईल नीट करून परत पाठवली आहे, तीच साहेबांना दे.

राग आला तर येऊ दे. दादा बोटीवरून चार महिन्यांनी येईल तेव्हा त्याला सांगून बघ, तोही हेच म्हणेल.

चिंगी

&nbsp;

२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमची फाईल मिळाली. साहेबांना दिली. आभारी आहे.

तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तुम्हाला सगळ्या अटी माहीत आहेत असं तुम्हाला वाटतं, हे तुमचं नेहमीचंच आहे.

यापुढे फाईलसाठी त्रास देणार नाही.

तुमची वहिनी

&nbsp;

११ मार्च

वहिनी,

तू 'वन्सं' आणि 'तुम्ही' काढलंस की मला कळतं किती ऊन तापलंय ते. मी पण ताठ बसले होते. म्हटलं आपण कशाला लिहायचं, चूक तिची. पण काल जे झालं त्यानंतर मला ताठ बसता येत नाही.

काल मला वाटलं, तुझ्याशी भांडण तर भांडण, तोंडानं तरी करावं. तू सकाळच्या पाळीतून चारला सुटतेस असं धरून साडेसहाला घरी फोन लावला. मी नेहमी सकाळीच करते ना. आईनं उचलला. मी म्हटलं, आई, वहिनी आली का? ती म्हणाली, कोण वहिनी? मी म्हटलं, अगं मी चिंगी. ती म्हणाली, चिंगी झोपलीय, लहान आहे ती, तू कोण? मग आवाज खाली आणून म्हणाली, अक्का, तू आहेस ना? मला घरी घेऊन चल. यांनी मला कोंडलंय. दार उघडत नाही. आणि मग ती रडायला लागली. वहिनी, मी आईला रडताना कधी ऐकलं नव्हतं, बाबा गेले तेव्हासुद्धा.

अक्का म्हणजे मावशी. मावशी जाऊन किती वर्षं झाली.

मी अर्धा तास फोनवर अक्का होऊन बोलले. काय बोलले मला आठवत नाही. मग कोणीतरी बाई आत आल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. नंतर मी सारखा लावत होते, कोणी उचलला नाही. तू रात्री अकराला एका ओळीचा निरोप पाठवलास, 'सगळं ठीक, झोपते'. काय ठीक आहे?

मला सांग. आता गोष्टी सांगितल्यास तरी चालतील. आई सकाळी तर चांगली असते. हे कधीपासून? दार कोणी लावलं? आणि तू कुठे होतीस?

चिंगी

&nbsp;

१२ मार्च

चिंगे,

दार मी लावायला लावलं. बाहेरून, कुलूप घालून. तू ते कोणी दुसऱ्यानं ठरवलं असं समजायला नको म्हणून आधी ते लिहिते.

मी दुसऱ्या पाळीला होते. साहेबांनी तुझ्या फॉर्म्युल्याप्रमाणे मार्चचा तक्ता लावला, त्यात माझ्या ओळीला 'हो' होतं, म्हणून आठवड्यातून तीनदा मी दोन ते दहा. वरच्या मजल्यावरच्या काकू पाचपर्यंत बसतात आणि सातला परत येतात, मधे त्यांना नातवाला आणायला जावं लागतं, तेव्हा माझ्याच सांगण्यावरून त्या कुलूप लावतात. त्या दोन तासांत आई घरात एकट्या असतात. आणि नेमके तेच दोन तास वाईट असतात.

गेल्या पावसाळ्यापासून आहे हे. सकाळी त्या अगदी पहिल्यासारख्या. पेपर वाचतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात, तुझ्याशी गप्पा मारतात. ऊन उतरलं की बदलतात. उठतात, बसतात, पिशवी भरतात. त्यात काय भरतील नेम नाही, एकदा टीव्हीचा रिमोट आणि दोन वाट्या होत्या. म्हणतात, मला घरी जायचंय. मी म्हणते, हेच घर. तर माझ्याकडे असं बघतात की मी त्यांना फसवतेय. नोव्हेंबरात निघून गेल्या होत्या. बसस्टॉपवर सापडल्या, रांगेत नीट उभ्या होत्या, हातात पिशवी. डॉक्टर म्हणाले हे वाढत जाणार, संध्याकाळी एकटं सोडू नका. मी म्हटलं बरं. काय म्हणणार?

म्हणून मी संध्याकाळी घरी असायचे. म्हणून मला पाळ्या लावायचं काम हातात हवं होतं. म्हणून मी तो 'नाही' टाईप केला. आणि म्हणूनच फोन नको म्हटलं. सकाळी आई बाजूलाच असतात, सगळं ऐकतात.

तुला का नाही सांगितलं ते तू विचारलं नाहीस, पण सांगते. एक तर त्यांनी मला शपथ घातली, चिंगीला कळवायचं नाही, ती नोकरी सोडून येईल. दुसरं, गेल्या वर्षी मी फक्त एवढं लिहिलं होतं की आईंनी गॅस चालू ठेवला. तर तू मला तीन पानी पत्र पाठवलंस, की कोणीही विसरतं, आईला म्हातारी ठरवायची घाई का. ते पत्र माझ्याकडे आहे. त्यानंतर मला परत काही लिहायची इच्छा उरली नाही. तुझ्या दादाला बोटीवर कळवून काय उपयोग, तो समुद्रात उडी मारणार का?

मी थकलेय, चिंगे. चिडायलाही आता ताकद लागते.

वहिनी

&nbsp;

१३ मार्च

वहिनी,

ते तीन पानी पत्र फाडून टाक. मला त्याची लाज वाटते आणि त्याहून जास्त काही लिहायला गेले तर रडत बसेन, आणि इथे माझ्या टेबलासमोर काच आहे.

मी काल रात्रीपासून स्वतःवर इतकी चिडलेय की मला दुसरं काही सुचत नव्हतं, मग सकाळी तुझी फाईल उघडून बसले. अगं, आपला नियमच अर्धवट होता. 'लहान मूल' हा कॉलम आपण का ठेवला? तर घरात एकटं सोडता येत नाही असं कोणीतरी आहे, म्हणून. ते मूलच असायला हवं असं कोणी सांगितलं? मी ती अट विचारलीच नाही, आणि तू ती सांगितलीच नाहीस.

तर 'लहान मूल' कॉलम काढून टाकलाय. त्या जागी दोन आहेत. एक, 'एकटं न राहू शकणारं माणूस', हो किंवा नाही. मूल, म्हातारं, आजारी, कोणीही. दुसरा, 'त्यांच्याजवळ संध्याकाळी कोण'. फॉर्म्युला असा, की जर पहिल्यात 'हो' असेल आणि दुसरा रिकामा असेल, दोन्ही एकदम, तरच दुसरी पाळी 'नाही'. जवळ बसणारं कोणी असेल तर 'हो'. आणि हे सगळ्या ओळींना, फक्त तुझ्या नाही.

तू साहेबांकडे जा आणि त्यांना सरळ सांग. आईचं नाव घे. लपवायचं काय आहे त्यात? आणि मग प्रत्येकाला समोर बसवून हे दोन प्रश्न विचार. रोलरवाल्या बाईंनाही. त्यांना आधी विचार.

तोपर्यंत सुट्टी टाक. आजारी आहे सांग. खोटं नाही ते.

चिंगी

&nbsp;

२१ मार्च

चिंगे,

साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांचं असंच होतं म्हणे. मग म्हणाले, नियम सगळ्यांना लागू असेल तर माझी हरकत नाही, पण दुसऱ्या पाळीला निदान पाच 'हो' हवेत, ते कसे आणायचे ते तुम्ही बघा. त्यांचा 'पण' मला आता चांगला ओळखू येतो.

सगळ्यांना विचारलं. लंबू म्हणाला, मीच एकटा राहू शकत नाही, ते चालेल का. त्याला हाकलला.

रोलरवाल्या बाईंना विचारलं. त्या चादरीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलाय, अंगाची एक बाजू गेलीय. त्या दुसऱ्या पाळीला आल्या की तो दहा वाजेपर्यंत तसाच पडून असतो, ओला झाला तरी. मी म्हटलं, मला बोलायचं नाही का? तर म्हणाल्या, तुम्ही कधी विचारलंत? चौदा वर्षं एका खोलीत काम करतो आम्ही. मी त्यांना दुसरी पाळी लावायचे कारण त्या कुरकुर न करता यायच्या. आणि मी स्वतः चारला घरी जायचे. तक्रार त्यांनी केली ती उगाच नव्हती. हे लिहायला मला जड जातंय, पण तू त्या दिवशी म्हणालीस ते बरोबर होतं.

तर त्यांचं भरलं, आणि काय यावं? 'हो'. माझा संताप संताप झाला. ज्या बाईला या नियमाची सगळ्यात जास्त गरज तिलाच 'हो'. मी अर्धा तास कंस मोजले. मग लक्षात आलं, 'त्यांच्याजवळ कोण' या रकान्यात त्या 'कोणी नाही' म्हणाल्या म्हणून मी एक आडवी रेघ टाकली होती. तुझ्या मशीनला वाटलं रेघ नावाचं कोणीतरी तिथे बसलंय. रेघ पुसली तेव्हा 'नाही' आलं. तो 'नाही' त्यांना स्क्रीनवर दाखवला. त्या वाचत नाहीत फारसं, पण बोट लावून बघितलं.

आता ऐक खरं दुखणं. त्यांना 'नाही', मला 'नाही', शिवणवाल्या बाईंना सासू आहे म्हणून 'हो', आणखी एकाला 'नाही'. अकरात चारच 'हो' राहिले. पाच लागतात. साहेब म्हणतात, एक आणा. मी फाईल वरून खाली दहा वेळा बघितली. अट ढिली केली तर पहिली अडकते ती रोलरवाली बाई. ते मी करणार नाही. मग उरते मी. काकूंना सातऐवजी साडेसहाला या म्हणून विनवणी केली, त्या म्हणाल्या बघते. 'बघते' हे मी रकान्यात लिहू शकत नाही.

महिना संपत आलाय. मी हात टेकलेत.

वहिनी

&nbsp;

२४ मार्च

वहिनी,

फाईल उघड. तुझी ओळ शोध. 'त्यांच्याजवळ संध्याकाळी कोण' हा रकाना रिकामा आहे. तिथे टाईप कर: नणंद.

माझं काम फाईलींचं आहे, गोदामातले डबे मी उचलत नाही. ते कुठूनही होतं हे मी आमच्या साहेबांना चार वर्षं सांगतेय, या वेळी विचारलं नाही, सांगितलं. ते भडकले. म्हणाले, साठा कोण जुळवणार? मी म्हटलं, मीच, पण तिथून, सकाळी. जूनपर्यंत मान्य केलंय, कुरकुरत. जूनपर्यंत दादाही येईल. पुढचं पुढे.

आईची शपथ तू मोडलेली नाहीस. मला तिनंच फोनवर सांगितलं, अक्का समजून. त्यामुळे तू सुटलीस.

मीठ मात्र मी कमी घालणार नाही. नको, थांब, घालेन.

गाडी २८ तारखेची. रकान्यात काय आलं ते कळव.

चिंगी

&nbsp;

२५ मार्च

चिंगे,

लिहिलं. रोलरवाल्या बाई शेजारी उभ्या होत्या.

माझ्या ओळीत 'हो' आलं. आपोआप, मी हात न लावता. कोपऱ्यात हिरवं काही नाही. दुसऱ्या पाळीसाठी इतक्या खुशीनं 'हो' वाचणारी बाई या विभागात मी पहिलीच असेन. पाच झाले. साहेबांनी सही केली.

आईंना सकाळी सांगितलं, चिंगी येतेय. म्हणाल्या, नोकरी गेली का तिची? मग तुझी जुनी चादर कपाटातून काढायला लावली. मी ती आमच्या रोलरवरून इस्त्री करून आणलीय, बाईंनी स्वतः केली.

एवढंच, गाडी लवकरची बघ. पाचच्या आत घरी पोच, म्हणजे आई तुला ओळखतील. आणि उशीर झालाच, तर दारात रडत उभी राहू नकोस. त्या अक्का म्हणतील. 'हो' म्हण आणि आत ये.

वहिनी